चोरांचा चहाडखोर

चोरी करणाऱ्यापेक्षां चोराची चहाडी करणाऱ्याला जग अधिक नीच समजतें, ही मानवी स्वभावांतील एक चमत्कारिक गोष्ट आहे. चोर समाजाचें नुकसान करतो. चहाडखोर, निदान वरवर पाहतां, समाजाचा फायदाच करतो. असें असूनहि चोरांच्या धाडसाच्या कथा लोक मिटक्या मारीत ऐकतात आणि त्यांना पकडून देणाऱ्याचें नांव मात्र तोंड वांकडें करून घेतात. रावणाची बाजू अन्यायाची होती हें मान्य करूनहि बिभीषणाचें नांव आपल्याकडे सहसा कोणी मुलाला ठेवीत नाहीं. या कोड्याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. आणि तो उलगडण्यास एक चांगलें निमित्त म्हणजे १९६३ सालीं पश्चिम जर्मनींत निघालेला आणि पुढें दूरचित्रवाणीवरून घराघरांत पोहोंचलेला ‘देर त्सिंकर’ हा गुन्हेगारीविषयक चित्रपट.

हा चित्रपट आल्फ्रेड फोरर यांनीं दिग्दर्शित केला असून त्याची कथा एडगर वॉलेस या इंग्रज लेखकाच्या १९२७ सालच्या ‘द स्क्वीकर’ या कादंबरीवरून घेतलेली आहे. कथेचा गाभा थोडक्यांत असा. लंडन शहरांत चोरीचीं हिरेमाणकें विकत घेणारा एक अज्ञात व्यापारी आहे. त्याचा चेहरा कोणीं पाहिलेला नाहीं, नांव कोणाला ठाऊक नाहीं. तो सांगेल त्या मातीमोल भावानें चोरांनीं माल त्याच्या हवालीं करावा, अशी त्याची रीत. एखाद्या चोराला भाव पटला नाहीं आणि त्यानें माल दुसरीकडे नेला, तर थोड्याच दिवसांत स्कॉटलंड यार्डाला निनांवी चिठ्ठी जाते आणि त्या चोराच्या हातांत बेड्या पडतात. चिठ्ठींतील मजकूर प्रत्येक वेळीं खरा असतो, आणि पोलिस तिच्यावर विश्वास ठेवतात तेहि त्याच कारणानें. चित्रपटांत माम्बा या जहरी आफ्रिकन सर्पाच्या विषाची भर घालून भीति अधिक वाढविली आहे. पण खरें विष आहे तें त्या चिठ्ठ्यांत. शेवटीं मुखवटा दूर होतो आणि एक प्रतिष्ठित गृहस्थ उघडा पडतो. त्याचें नांव येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. गूढकथेचा शेवट फोडणें हीहि एक प्रकारची चहाडीच होय, आणि अशा एका चहाडीनें जर्मनींत केवढें वादळ उठविलें तें पुढें येईलच.

‘स्क्वीकर’ म्हणजे उंदरासारखा चूंचूं करणारा. इंग्लंडांतील चोरांच्या बोलींत पोलिसांजवळ तोंड उघडणाऱ्याला हा शब्द लावीत. जर्मन भाषेंत त्यासाठीं ‘त्सिंकर’ हा शब्द योजला गेला, आणि तो मूळ शब्दापेक्षांहि अर्थपूर्ण आहे. भटक्या व भामट्या लोकांची ‘रोटव्हेल्श’ नांवाची एक गुप्त बोली जर्मनींत शतकानुशतकें प्रचारांत होती. तिच्यांत ‘त्सिंकेन’ म्हणजे खूण. कोणत्या घरीं भाकरी मिळते, कोणत्या घरीं कुत्रें अंगावर येतें, हें मागून येणाऱ्या सोबत्याला कळावें म्हणून दारांवर व भिंतींवर काढलेल्या चिन्हांना हें नांव होतें. पत्त्यांवर बारीक खुणा करून जुगारांत लुबाडणारा तो ‘त्सिंकर’. आणि पुढें, आपल्याच सोबत्याला पोलिसांच्या हातीं देणारा तोहि ‘त्सिंकर’च. जी खूण एकमेकांच्या साहाय्यासाठीं होती तिनेंच एकमेकांचा घात करावा, हा सारा इतिहास त्या एका शब्दांत सांठविलेला आहे. मराठींतील ‘घरभेद्या’ हा शब्द याच जातीचा. भिंत बाहेरून फोडणाऱ्याला कोणी घरभेद्या म्हणत नाहीं.

वॉलेसनें हा खलपुरुष केवळ कल्पनेंतून निर्माण केला असें कोणास वाटेल, तर त्यानें सव्वातीनशें वर्षांपूर्वींच्या लंडनकडे दृष्टि टाकावी. त्या काळीं लंडनांत आजच्या अर्थानें पोलिस खातें नव्हतें. चोर पकडणें हें बहुतांशीं खासगी माणसांवर सोंपविलेलें काम होतें. १६९२ सालच्या एका कायद्यानें वाटमाऱ्या करणाऱ्यास पकडून त्याचा गुन्हा शाबीत करून देणाऱ्यास ४० पौंडांचें बक्षीस ठेवलें. साध्या मजुराच्या दृष्टीनें ही रक्कम म्हणजे एक-दोन वर्षांची कमाई. सरकारचा हेतु चांगला होता; पण माणसाच्या मानेला ज्या दिवशीं किंमत ठरली, त्या दिवशीं त्या मालाचा व्यापारी जन्माला येणें अपरिहार्यच होतें.

तो व्यापारी म्हणजे जोनाथन वाइल्ड. वुल्व्हरहॅम्प्टन गांवचा हा मनुष्य लंडनला आला, कर्जापायीं तुरुंगांत पडला आणि त्या तुरुंगांतच त्याला चोरांच्या जगाची ओळख झाली. बाहेर आल्यावर त्यानें ओल्ड बेली न्यायालयाच्या जवळच कचेरी थाटली. ज्याचें घड्याळ, तलवार किंवा दागिना चोरीस गेला असेल त्यानें तेथें यावें, वस्तूचें वर्णन लिहून द्यावें आणि कांहीं दिवसांनीं पुन्हां यावें. वाइल्ड सांगे, ‘शोध लागला आहे, अमुक रक्कम दिल्यास वस्तु परत मिळेल.’ रक्कम मिळे, वस्तु परत जाई, आणि मालक त्याला दुवा देऊन घरीं जाई. चोरी ज्यानें केली तो वाइल्डचाच मनुष्य असे, ही गोष्ट त्या मालकाला कशी कळावी? चोरीचा माल स्वतःजवळ ठेवण्याचें वाइल्ड शक्यतों टाळीत असल्यामुळें कायद्यालाहि त्याचा पदर धरतां येत नसे. ‘चोराला म्हणावें चोरी कर आणि सावाला म्हणावें जागा राहा’ ही म्हण जणूं या कचेरीच्या दारावर लावण्यासाठींच निर्माण झाली होती.

परंतु या व्यवसायाचा खरा आधार होता फांसाचा दोर. जो चोर वाइल्डच्या हुकमाबाहेर जाई, किंवा आपला माल परस्पर विकूं पाही, त्याला वाइल्ड स्वतः पकडून न्यायालयांत उभा करी, त्याच्या सोबत्यांनाच साक्षीदार करी, आणि बक्षीस खिशांत टाकी. आज्ञाधारक चोर मालाचा नफा देई, आज्ञाभंग करणारा मानेचा. त्यानें स्वतःला ‘ग्रेट ब्रिटन व आयर्लंडचा सरचोरपकड्या’ अशी पदवीहि लावून घेतली. १७२० सालीं वाटमाऱ्या वाढल्या तेव्हां प्रिव्ही कौन्सिलनें याच माणसाचा सल्ला विचारला, आणि त्यानें गंभीरपणें सांगितलें कीं बक्षिसाची रक्कम वाढवावी. ती वाढविण्यांतहि आली! ४० पौंडांचे १४० पौंड झाले.

त्याच्या ऱ्हासाची कथा वाचतांना लोकांच्या न्यायबुद्धीचें एक निराळेंच स्वरूप दिसतें. जॅक शेपर्ड नांवाचा एक तरुण चोर १७२४ सालीं चार वेळां तुरुंग फोडून पळाला आणि लंडनच्या गोरगरिबांचा लाडका झाला. वाइल्डनें त्याचा पाठपुरावा केला. नोव्हेंबरांत शेपर्ड फांसावर चढला आणि अफाट जनसमुदायानें त्याच्यासाठीं अश्रु ढाळले. त्याच्या एका सोबत्यानें न्यायालयाच्या आवारांतच वाइल्डच्या गळ्यावर चाकू चालविला. वाइल्ड वांचला, पण त्याचा दरारा गेला. पुढल्याच वर्षीं तो स्वतः पकडला गेला. साठांहून अधिक गुन्हेगारांना आपण शिक्षा देवविली, अशी त्यांच्या नांवांची यादी छापून त्यानें न्यायालयाबाहेर वांटली. पण तिचा उपयोग झाला नाहीं. लेसच्या एका चोरीच्या आरोपांतून तो सुटला. मात्र ती लेस परत करण्याबद्दल त्यानें तुरुंगांत बसून दहा गिनी घेतल्या होत्या, आणि चोराला पकडून न देतां चोरीचा माल पैसे घेऊन परत करणें हा गुन्हा ठरविणारा कायदा त्याच्यासारख्यांसाठींच कांहीं वर्षांपूर्वीं झालेला होता. २४ मे १७२५ रोजीं टायबर्न येथें त्याला फांशीं देण्यांत आलें, तेव्हां लोकांनीं त्याच्यावर दगड व घाण फेंकली. शेपर्ड चोर होता, वाइल्डनें चोर पकडले होते. तरी अश्रु शेपर्डच्या वांट्याला आले आणि दगड वाइल्डच्या. लोकांना कायदा समजत नव्हता असें नव्हे. चोर एकदांच चोरी करतो, पण हा मनुष्य चोर आणि साव या दोघांनाहि रोज विकतो, हें त्यांना बरोबर समजलें होतें.

येथून ही कथा जर्मनीकडे वळते, ती एका नाटकाच्या मार्गानें. १७२८ सालीं जॉन गे यानें ‘द बेगर्स ऑपेरा’ हें संगीत नाटक लिहिलें. त्यांतील पीचम हा चोरांचा धनी म्हणजे उघड उघड वाइल्डच. ‘पीच’ या क्रियापदाचा त्या काळच्या बोलींतील अर्थच मुळीं चहाडी करणें असा होता. बरोबर दोनशें वर्षांनीं, ३१ ऑगस्ट १९२८ रोजीं, बेर्टोल्ट ब्रेख्त व कुर्ट व्हाइल यांनीं त्याच नाटकाचें नवें रूप ‘तीन पैशांचा ऑपेरा’ या अर्थाच्या नांवानें बर्लिनच्या रंगभूमीवर आणलें आणि तें कमालीचें लोकप्रिय झालें. याच सुमारास वॉलेसच्या कादंबऱ्या विल्हेल्म गोल्डमान या प्रकाशकानें जर्मनींत सर्वत्र पसरविल्या होत्या. १९३१ सालीं ब्रेख्तच्या नाटकावरून चित्रपट निघाला, आणि त्याच वर्षीं ‘देर त्सिंकर’चा पहिला जर्मन बोलपटहि निघाला. पहिल्यांत पीचमची भूमिका करणारा फ्रिट्झ रास्प हा नट दुसऱ्यांतहि होता. वाइल्डचे दोन वंशज असे एकाच वर्षीं, एकाच देशांत, एकाच नटाच्या सहवासांत पडद्यावर आले.

बर्लिनच्या प्रेक्षकांना हा विषय परका वाटण्याचें कारणहि नव्हतें. त्या शहरांत तुरुंगांतून सुटलेल्या लोकांच्या ‘रिंगफेराइन’ नांवाच्या रीतसर नोंदलेल्या मंडळ्या होत्या. वरवर त्या परस्पर साहाय्याच्या संस्था. सभासदाच्या अंत्ययात्रेला काळे कपडे व उंच टोप्या घालून सारे हजर राहात. आंत मात्र गुन्हेगारांचें एक स्वतंत्र राज्य होतें, आणि पोलिसांजवळ तोंड उघडूं नये हा त्याचा पहिला नियम. एका मंडळीचें नांवच ‘इमरट्रॉय’, म्हणजे सदैव एकनिष्ठ, असें होतें. १९२८ च्या डिसेंबरअखेर या मंडळीनें बर्लिनच्या एका रेल्वे स्थानकाजवळ सुतारांच्या एका जमावाशीं मोठी मारामारी केली, तेव्हां सुशिक्षित बर्लिनकरांना या राज्याची प्रथमच ठळक ओळख झाली. चोरांच्या निष्ठेचें कौतुक वाटावें असा कांहीं भाग त्यांत होता. पण ज्या मुलखांत कोणीच बोलत नाहीं तेथें दुबळ्याचा वाली कोण, हाहि प्रश्न होताच. मौन हा सद्गुण कीं अपराध, हें कोणत्या गोष्टीबद्दल मौन पाळलें यावर अवलंबून असतें.

१९३३ सालीं हिटलरच्या हातीं सत्ता आली आणि थोड्याच अवधींत या मंडळ्या मोडून काढण्यांत आल्या. पण चहाडखोराला मात्र असे दिवस आले कीं वाइल्डनेंहि स्वप्नांत पाहिले नसतील. १९३४ च्या डिसेंबरांत झालेल्या एका कायद्यानें राज्यकर्त्यांविरुद्ध द्वेषमूलक बोलणें हा गुन्हा ठरला. दारूच्या गुत्त्यांतील विनोद, जिन्यांतील कुरकुर, जेवणाच्या टेबलावरील निराशेचा उद्गार, साऱ्यांची किंमत आतां तुरुंग किंवा त्याहूनहि भयंकर होऊं शकत होती. गेस्टापो या गुप्त पोलिस खात्याला प्रत्येक भिंतीला कान आहेत, अशी लोकांची समजूत होती. वस्तुस्थिति अधिक लाजिरवाणी होती. युद्धाच्या अखेरच्या काळांतसुद्धां या खात्यांत कारकुनांसह सुमारें ३२ हजारच माणसें होतीं. कोट्यवधि लोकांवर एवढ्यांनीं नजर ठेवणें अशक्य होतें. व्युर्त्सबुर्ग व ड्युसेलडॉर्फ येथें वांचलेल्या दप्तरांच्या आधारें रॉबर्ट जेलेटली या इतिहासकारानें १९९० सालीं दाखवून दिलें कीं, पुष्कळ प्रकरणांची सुरुवात सामान्य नागरिकांनीं आपण होऊन केलेल्या तक्रारींपासूनच झाली. शेजाऱ्याशीं भांडण, धंद्यांतील चढाओढ, नवराबायकोंतील बेबनाव, अशीं त्यांचीं कारणें. भिंतींना कान नव्हते, शेजाऱ्यांना होते.

युद्ध संपल्यावर या माणसांचें काय करावयाचें, हा प्रश्न न्यायालयांपुढें उभा राहिला. आणि कायद्याच्या इतिहासांत इतका अवघड प्रश्न क्वचितच आला असेल. एका व्यापाऱ्यानें शौचकूपाच्या भिंतीवर हिटलरला खुनी म्हणणारीं वाक्यें लिहिलीं. न्यायखात्यांतील एका कारकुनानें ही बातमी वर पोहोंचविली, आणि व्यापाऱ्याचा शिरच्छेद झाला. १९४६ सालीं थुरिंजियांतील न्यायालयानें त्या कारकुनाला जन्मठेप दिली. वायमार काळांत जर्मनीचे न्यायमंत्री असलेले गुस्टाव्ह राडब्रुख यांनीं याच खटल्यापासून आरंभ करून त्याच वर्षीं एक सुप्रसिद्ध निबंध लिहिला. अन्याय ज्या ठिकाणीं असह्य होतो, तेथें कायद्याला कायदा म्हणून मान मागण्याचा अधिकार उरत नाहीं, हा त्याचा मथितार्थ.

दुसरा खटला बाम्बेर्ग येथील. रजेवर आलेल्या एका सैनिकानें घरीं आपल्या पत्नीजवळ हिटलरविषयीं कडवट उद्गार काढले. पत्नीला नवरा नकोसा झाला होता. तिनें ते उद्गार अधिकाऱ्यांच्या कानांवर घातले. १९४४ सालीं त्याला देहदंडाची शिक्षा झाली. कांहीं काळानें ती अमलांत न आणतां त्याला पुन्हां आघाडीवर पाठविण्यांत आलें, आणि तो जिवंत परतला. १९४९ सालीं वरिष्ठ न्यायालयानें त्या स्त्रीला दुसऱ्याचें स्वातंत्र्य बेकायदा हिरावून घेतल्याबद्दल दोषी मानलें. तिच्या बाजूचा युक्तिवाद साधा होता : नवरा तें बोलला होता, बोलणें त्या वेळच्या कायद्यानें गुन्हा होता, आणि तिनें खरें तेंच सांगितलें. यावर १९५८ सालीं इंग्लंडचे हार्ट व अमेरिकेचे फुलर या दोघां कायदेपंडितांत जो वाद झाला, तो कायद्याच्या विद्यार्थ्यांना पुढेंहि अभ्यासावा लागला. त्या वादाची सूक्ष्मता बाजूला ठेवली तरी एक गोष्ट उरते. वाइल्डच्या पुष्कळशा बातम्या खऱ्या होत्या, वॉलेसच्या खलपुरुषाच्या चिठ्ठ्या खऱ्या होत्या, आणि या पत्नीचें कथनहि खरें होतें. म्हणजे चहाडीचें पाप खोटेपणांत नाहीं. सत्य कोणाच्या हातीं दिलें आणि त्याच्या मोबदल्यांत काय मिळविलें, तेथें तें शोधावें लागतें.

असा दशकांचा कडू अनुभव ज्या समाजाच्या मनांत ताजा होता, त्या समाजापुढें १९५९ सालीं वॉलेसच्या कथा पुन्हां आल्या. त्या वर्षीं ‘बुरखेधारी बेडूक’ या अर्थाच्या नांवाचा पहिला चित्रपट निघाला. तो इतका चालला कीं १९७२ पर्यंत रियाल्टो कंपनीनें वॉलेसच्या नांवावर तीसांहून अधिक चित्रपट काढले. १९३१ चा तोच फ्रिट्झ रास्प, आतां वृद्ध झालेला, त्या पहिल्या चित्रपटांतहि दिसला. हे चित्रपट बहुतेक बर्लिन व हॅम्बुर्ग येथें तयार होत आणि मधूनमधून लंडनचीं खरीं दृश्यें त्यांत जोडलीं जात. धुकें, वाडे, टेम्स नदी, मुखवटे. सारें कांहीं इंग्लंडांतलें. जर्मन प्रेक्षकांना स्वतःच्या रस्त्यावरील खबऱ्या पाहण्याचें धैर्य नव्हतें म्हणून त्यांनीं तो लंडनच्या धुक्यांत पाहिला, असें निःशंकपणें म्हणतां येणार नाहीं. करमणूक ही पुष्कळदां केवळ करमणूकच असते. पण दीड तासाच्या शेवटीं मुखवटा निघतो, एकच माणूस दोषी ठरतो आणि बाकीचे सारे निर्दोष घरीं जातात, या शेवटांत त्या पिढीला विशेष दिलासा वाटला असल्यास नवल नव्हे.

त्या काळीं दूरचित्रवाणीनेंहि गुन्हेगारीच्या कथा उचलल्या होत्या. १९५८ पासून युर्गेन रोलांड यांची ‘श्टालनेट्झ’ ही खऱ्या खटल्यांवर आधारलेली मालिका दाखविली जात होती, आणि रोलांड यांनींच पुढें वॉलेसचे चित्रपटहि दिग्दर्शित केले. परंतु खरा कळस झाला तो १९६२ च्या जानेवारींत. फ्रान्सिस डरब्रिज या इंग्रज लेखकाची ‘दास हाल्सटूख’, म्हणजे ‘गळपट्टा’, ही खुनाची कथा सहा भागांत दाखविण्यांत आली. पुढच्या वर्षीं ‘देर त्सिंकर’मध्यें काम करणारा हाइन्झ ड्राखे हा नट तींत पोलिस अधिकारी झाला होता. मालिकेच्या वेळीं रस्ते ओस पडत, नाटकगृहें रिकामीं राहात. खुनी कोण, या एका प्रश्नानें सारा देश भारला होता.

शेवटच्या भागाच्या आदल्या दिवशीं वोल्फगांग नॉयस या विनोदी नटानें बर्लिनच्या ‘देर आबेंड’ या वृत्तपत्रांत एक जाहिरात दिली. उद्यां घरीं बसून काय करणार, खुनी तर अमुक नट आहे, असें सांगून त्यानें लोकांना स्वतःचा नवा चित्रपट पाहण्यास बोलाविलें. नांव बरोबर निघालें. त्यावर जो संताप उसळला तो अपूर्व होता. एका मोठ्या खपाच्या वृत्तपत्रानें त्याला देशद्रोही ठरविलें. धमक्यांचाहि त्याच्यावर वर्षाव झाला. बर्लिनच्या मधोमध भिंत उभी राहून त्या वेळीं जेमतेम पांच महिने झाले होते. ज्या देशांत माणसांच्या चहाड्या करून त्यांना वधस्तंभावर पाठविणारे कित्येक जण शांतपणें निवृत्तिवेतन घेत होते, त्याच देशांत कल्पित खुन्याचें नांव सांगणाऱ्याला देशद्रोही म्हणण्यांत आलें! नॉयस हा जात्याच टवाळ आणि सत्ताधाऱ्यांना टोचणारा मनुष्य. त्या संतापांतील विसंगति त्याच्यासारख्याच्या नजरेंतून सुटली नसेल. मात्र त्यानेंहि बातमी फोडली ती आपल्या चित्रपटाचीं तिकिटें खपावीं म्हणून, हेंहि विसरतां येत नाहीं.

पांच वर्षांनीं दूरचित्रवाणीनें प्रेक्षकालाच खबऱ्याच्या खुर्चींत बसविलें. २० ऑक्टोबर १९६७ रोजीं एडुआर्ड त्सिमरमान यांनीं ‘आक्टेनत्साइखेन एक्सवाय’ हा कार्यक्रम सुरू केला. न उलगडलेले खरे गुन्हे नटांकडून करून दाखवावयाचे आणि कोणास कांहीं ठाऊक असल्यास त्यानें दूरध्वनि करावा, अशी त्याची योजना होती. टीकाकारांनीं लगेच आक्षेप घेतला कीं ज्या लोकांना चहाडीची संवय मोडावयाची होती त्यांनाच ही पुन्हां लावली जात आहे. उलट पक्षाचें म्हणणें असें कीं, खुनी मोकळा फिरत असतां माहिती दडवून ठेवणें हा कोणता सद्गुण? त्सिमरमान यांनीं स्वतः तरुणपणीं पूर्व जर्मनींत हेरगिरीच्या आरोपावरून कांहीं वर्षें तुरुंगवास भोगला होता. हा कार्यक्रम पुढें अनेक दशकें चालला, त्याच्या साहाय्यानें पुष्कळ गुन्हे उघडकीस आले, आणि इतर देशांनींहि त्याचें अनुकरण केलें. या वादांत दोन्हीं बाजूंस तथ्य होतें. फरक एवढाच कीं, येथें सांगितलेली गोष्ट उघड्या न्यायालयांत तपासली जात होती, आरोपीला वकील मिळत होता, आणि सांगणाऱ्याला जाब विचारतां येत होता.

हा फरक किती मोठा आहे तें भिंतीच्या पलीकडे दिसून आलें. १९५० सालीं स्थापन झालेल्या पूर्व जर्मनीच्या ‘श्टाझी’ या गुप्त खात्याजवळ १९८९ सालीं सुमारें १ लक्ष ८९ हजार गुप्त खबरे होते. प्रत्येकाला एक टोपणनांव असे. अहवाल त्या नांवानें लिहिला जाई आणि खरें नांव निराळ्या कपाटांत राही. भिंत पडली, राज्य विलयास गेलें, आणि १९९१ च्या डिसेंबरांत झालेल्या कायद्यानें नागरिकांना स्वतःविषयींचीं दप्तरें वाचण्याचा हक्क मिळाला. १९९२ च्या जानेवारीपासून माणसें रांगा लावून तीं वाचूं लागलीं. जन्मभराच्या मित्राचे, सहाध्यायाचे, धर्मगुरूचे अहवाल त्यांना सांपडले. जर्मन संसदेच्या एका सभासद स्त्रीला कळलें कीं आपल्याविषयीं वर्षानुवर्षें बातम्या पुरविणारा मनुष्य आपला पतीच होता.

त्याच सुमारास वॉलेसचे ते जुने चित्रपट दूरचित्रवाणीवर पुन्हां पुन्हां दाखविले जात होते, आणि १९९० नंतरच्या दशकांत त्याच्या नांवावर खास दूरचित्रवाणीसाठीं नवे चित्रपटहि तयार झाले. एकाच शहरांत एखादें कुटुंब संध्याकाळीं पडद्यावरील मुखवटा दूर होण्याची मजेनें वाट पाहात असे, आणि त्याच कुटुंबांतील कोणी सकाळीं सरकारी वाचनालयांत बसून टोपणनांवामागचें खरें नांव विचारावें कीं नाहीं याचा विचार करीत असे. कित्येकांनीं तें नांव विचारलें; कित्येकांनीं दप्तर मिटून परत केलें आणि मित्राला पूर्वींप्रमाणेंच नमस्कार करीत राहिले.

चित्रपटांतील चहाडखोर शेवटीं एकटाच असतो. त्याला पकडला कीं कथा संपते. इतिहासांतील चहाडखोराच्या पाठीशीं मात्र प्रत्येक वेळीं एक गिऱ्हाईक उभें असलेलें दिसतें. वाइल्डला बक्षिसाचा कायदा होता, शेजाऱ्याला गेस्टापोची कचेरी होती, टोपणनांवाच्या अहवालाला श्टाझीचें कपाट होतें. टायबर्नच्या लोकांनीं वाइल्डवर दगड फेंकले, तें त्यांच्या दृष्टीनें योग्यच होतें. पण बक्षिसाची रक्कम ४० पौंडांवरून १४० पौंडांवर नेणाऱ्या प्रिव्ही कौन्सिलवर कोणीं खडाहि फेंकला नाहीं, आणि बक्षिसाची ती पद्धत वाइल्डच्या मागें इंग्लंडांत जवळजवळ शंभर वर्षें चालूच राहिली.